सरकीची उशी

पुण्याहून गेवराईला जायचे तर आधी नगर, मग शेवगाव आणि मग गेवराई, हा एस.टी.चा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. नगरचे आता अहिल्यानगर झाले, धुळे-सोलापूर हमरस्ता गावात न शिरता बाजूने जाऊ लागला. पण शेवगाव मागे पडले आणि दोन्ही अंगांना काळ्या रानात कपाशी दिसू लागली, की घर जवळ आले हे सांगायला पाटीची गरज पडत नाही. २०२४ सालच्या सप्टेंबरात मी त्या रस्त्याने गेलो तो मात्र घरी राहायला नव्हे. घर विकायला.

घर म्हणजे माळवदाचा जुना वाडा. पुढे ढाळज, आत चौक, भिंतीत बळद, आणि पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणारे छत. दादाला जाऊन दोन वर्षे झाली होती. वहिनींना आणि पुतण्याला आता वाडा झेपत नव्हता. गिऱ्हाईक मिळाले होते, आणि निम्म्या हिश्शाचा धनी म्हणून माझी सही हवी होती. मी आकडा मनात पक्का करूनच निघालो होतो. दादाशी गेली कित्येक वर्षे माझे धड बोलणे नव्हते. शेत त्याने एकट्याने खाल्ले, असे माझे म्हणणे होते, आणि पुण्यात जो जो ऐकेल त्याला मी ते ऐकवले होते.

पण घर विकणारा पंचांग विसरला तरी घेणारा विसरत नाही. मी पोहोचलो आणि पितृपंधरवडा लागला. गिऱ्हाईक हात जोडून म्हणाले, “साहेब, पितरं जेवून जाऊ द्या. घटस्थापनेनंतर कागद करू.” मी पिशवी उचलून परत निघालो, तर वहिनी म्हणाल्या, “आता आलाव तर ह्यांची तिथ करूनच जा, भाऊजी.” तिथी दशमीची होती. तिच्यापुढे आणखी पाच दिवस, मग घटस्थापना. असा मी दोन आठवड्यांहून जास्त गेवराईत अडकलो.

आता एक खाजगी गोष्ट सांगायला हवी. रोज सकाळी अर्धा तास बसण्याचा मला नाद आहे. जप नाही, प्राणायाम नाही, नुसते बसायचे. आपला ‘ध्यान’ हा शब्द चिनी तोंडात ‘चान’ झाला आणि जपानी तोंडात ‘झेन’. त्या झेनचे हे बसणे. मी ते शिकलो जपानात नव्हे, तमिळनाडूत. कोडाईकनालजवळच्या पेरुमलमलै गावी ‘बोधी झेंडो’ नावाचे ध्यानमंदिर आहे. फादर आमा सामी या जेझुइट धर्मगुरूंनी ते १९९६ साली उभारले. त्यांनी स्वतः जपानातल्या कामाकुरा येथे यामादा कोउन या गुरूंपाशी साधना केली होती. ख्रिस्ती धर्मगुरू, जपानी साधना, तमिळ डोंगर आणि त्यात मी देशस्थ! पण तिथे कोणी कोणाला जात-गाव विचारत नाही, कारण कोणी बोलतच नाही. माझ्या आठवणीत तिथून फार मोठे ज्ञान राहिलेले नाही. राहिले आहेत ते माझे गुडघे.

आमच्या पिढीने पाटावर मांडी घालून जेवायला सुरुवात केली आणि टेबलावर जेवून निवृत्त झाली. चाळीस वर्षे खुर्चीत काढलेल्या माणसाने मांडी घातली की गुडघे जमिनीपासून वीतभर वर तरंगतात. मग कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, आणि तो पोक सावरायला मान पुढे येते. दुखतो गुडघा, पण आखडलेला असतो खुबा. खुबा उघडत नाही म्हणून पिळवटा गुडघ्यावर येतो. पेरुमलमलैला हे मला कोणी समजावले नाही असे नाही, मीच मानी. शेजारचा तरुण जर्मन पद्मासनात बसलेला, आणि ज्या देशात पद्मासन जन्मले तिथला मी स्टूल मागू? मी दात आवळून बसलो. दहा दिवस मी गुडघ्याचेच ध्यान केले, म्हणाना.

गेवराईतही पहिल्या दिवशी ढाळजेत घोंगडी चौघडी करून तसाच दात आवळून बसलो. समोर चौकात वहिनी वाती वळत बसल्या होत्या. वय सत्तरीपुढे, पण जमिनीवर अशा बसतात की जमिनीला वाटावे, आपण यांच्यासाठीच झालो. रानातला कापूस ओंजळभर घ्यायचा, बोटांनी सरकी वेगळी करायची, आणि वात वळायची. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि न राहवून म्हणाल्या, “भाऊजी, कामून असं मागं पडायलाव? बूड वर घ्या की जरा.”

झेनच्या बैठकीवर जेवढी पुस्तके मी वाचली आहेत, त्यांचे सार या वाक्यात आहे. कंबर उंच घेतली की ती पुढे झुकते, गुडघे आपोआप खाली येऊन जमिनीला टेकतात, आणि दोन गुडघे व बूड अशी तिवई तयार होते. तिवईवर पाठीचा कणा ताठ करावा लागत नाही. तो उभा राहतो. जपानी लोक यासाठी गोल गरगरीत उशी वापरतात, ‘झाफू’. आत सावरीचा कापूस भरतात, नाहीतर कुट्टूची टरफले. मी हे वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “कापूस दबून जाईल. बाळंतिणीच्या लेकराला मोहरीची उशी करतो तशी करू. पन मोहरी लई लागंल, सरकी घालू.” सरकीला काय तोटा! म्हशीसाठी आणलेले पोते कोपऱ्यात उभेच होते. संध्याकाळपर्यंत मांजरपाटाची खोळ शिवून, त्यात सरकी ठासून, वहिनींनी उशी माझ्यापुढे ठेवली. वजन एखाद्या तान्ह्या मुलाएवढे. खोळ ओळखीची वाटली म्हणून विचारले, तर दादाची बंडी. मी बसेना. वहिनी म्हणाल्या, “बसा. कापड हाय ते.”

दुसऱ्या सकाळी बसलो. आधी घड्याळाच्या लंबकासारखे डावी-उजवीकडे झुकायचे, झोका लहान लहान करत आणायचा, आणि जिथे तो आपोआप थांबेल तिथे थांबायचे. हनुवटी किंचित आत. जीभ वरच्या दातांमागे. डोळे अर्धे उघडे, नजर दोन हातांवर जमिनीला. डावा तळवा उजव्यावर, अंगठ्यांची टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली. या अंगठ्यांची मोठी गंमत आहे. मन ताणले गेले की ते एकमेकांवर रेटून वर डोंगर करतात. डुलकी आली की ढिले पडून दरी करतात. डोंगर नको आणि दरीही नको. अंगठे ही मनाची चुगली करणारी घरची मोलकरीणच समजा.

गुडघे टेकले. पाठ उभी राहिली. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली, दुखत काहीच नाही. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे ते गुडघे दुखत होते म्हणून मी सुरक्षित होतो. दुखणे असले की लक्ष द्यायला काहीतरी असते. ते गेल्याबरोबर मागे रांगेत उभे असलेले सगळे आत आले.

पहिला आला तो राग. येणारच होता. दादाने वाटणी न करता वाहिलेली जमीन, कापसाच्या कोणत्या तरी वर्षी न आलेला पैसा, आईच्या आजारपणात मला उशिरा कळवणे. प्रत्येक कलम तारीखवार पाठ. राग डोक्यात असतो असे आपण म्हणतो, पण नीट बसून पाहिले तर तो जबड्यात होता, आणि बरगड्यांच्या खाली मुठीएवढ्या जागेत. अंगठ्यांचा डोंगर झालेला. झेनमध्ये यावर उपाय असा काही नाही. हाकलायचे नाही आणि मागे धावायचेही नाही. कुठे आहे, केवढा आहे, श्वासाबरोबर हलतो की नाही, एवढे बघायचे. झेन मंडळींत नेहमी सांगतात की मनात येणाऱ्याला येऊ द्यावे, जाऊ द्यावे, फक्त बसवून चहा पाजू नये. हे सांगणारा मराठवाड्यात कधी राहिलेला नसावा. इथे दारावरून जाणाऱ्यालाही चहा चुकत नाही. मी रागाला बारा वर्षे चहा पाजला होता, वर नाश्ताही.

चार दिवस तोच राग, तीच कलमे. पाचव्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, घरात बसून कंटाळलाव. पांचाळेश्वरला जाऊन येऊ.” उशी मांडीवर घेऊन मी त्याच्या मोटारसायकलवर बसलो.

गेवराई तालुक्याची उत्तरेची हद्द म्हणजे गोदावरी. वर पैठणला १९७६ साली पुरे झालेले जायकवाडी धरण. ते यंदा भरले होते आणि पाणी सोडलेले, त्यामुळे नदी गढूळ आणि भरदार होती. पांचाळेश्वरचे मंदिर नदीच्या पात्रातच आहे. मोठा पूर आला की ते पाण्यात जाते, पूर ओसरला की पुन्हा दिसते. महानुभाव पंथात याला आत्मतीर्थ म्हणतात. श्रीदत्तात्रेयप्रभूंचे हे भोजनाचे ठिकाण. निद्रेसाठी ते माहूरला जातात अशी श्रद्धा आहे. महानुभावांची एक गोष्ट मला फार आवडते. श्रीचक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे जेवले, कुठे रात्र काढली, ती ठिकाणे त्यांच्या अनुयायांनी तेराव्या-चौदाव्या शतकात काळजीपूर्वक नोंदवून ठेवली. ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथच त्यासाठी आहे. त्या जागांवर ओटे बांधले, आणि आजही लोक त्या ओट्यांना नमस्कार करतात. जिथे स्वामी बसले ते आसनस्थान. काय बोलले याची जशी नोंद, तशी कुठे बसले याचीही. बसणे ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे असे मानणारे लोक मला माझ्याच तालुक्यात भेटले, आणि मी तमिळनाडूपर्यंत जाऊन आलो होतो!

काठावर दगडावर उशी ठेवून बसलो तेव्हा डोक्यात हाच हिशेब चालू होता. चीनहून परतलेल्या दोगेन या जपानी भिक्षूने १२२७ साली बसण्याची रीत लिहून काढली: खाली जाड बैठक, वर उशी, पाय असे, हात असे. तिला त्याने सुखाचा मार्ग म्हटले आहे, तपश्चर्येचा नव्हे. त्याच शतकात, याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आपेगावच्या घराण्यातल्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवर टीका लिहिली, आणि सहाव्या अध्यायात बसण्याच्या जागेचे असे वर्णन केले की पाखंड्यालाही तिथे बसावेसे वाटावे. गीतेतले आसन फार उंच नको, फार सखल नको, दर्भावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र. पतंजलींनी तर आसनाला दोनच अटी घातल्या, स्थिर हवे आणि सुखाचे हवे. यातले दुसरे आपण केव्हा गाळले कोण जाणे. शाळेच्या कवायतीत गाळले असेल.

पुतण्या दूर झाडाखाली मोबाइल पाहत बसला होता. मी हिशेब सोडून नदीकडे बघत राहिलो. जरा खालच्या अंगाला राक्षसभुवन. शनीचे मंदिर तिथे आहे, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला गाठले तेही तिथेच. निजामअली नदीपार निघून गेला होता, पाण्याने मागे राहिलेली फौज आणि दिवाण विठ्ठल सुंदर या काठावर सापडले; दिवाण मारला गेला. लहानपणी दादा मला ही लढाई सांगायचा. तोंडाने तोफा वाजवून सांगायचा. त्याच्या सांगण्यात मुख्य प्रसंग निजामाचा नसे, राघोबादादांचा असे. आदल्याच वर्षी आळेगावला ज्या काकाने पुतण्याला शरण यायला लावले, तोच काका इथे शत्रूच्या गराड्यात सापडला, आणि अठरा वर्षांच्या माधवरावाने जाऊन त्याला सोडवला. “सोडवला!” असे म्हणून दादा माझ्या पाठीत धपाटा घालायचा.

तो धपाटा आठवला आणि माझे अंगठे सुटले. डोंगर नाही, दरी नाही. हातच दोन बाजूंना पडले. कारण त्यामागोमाग एक फोन आठवला.

२०१६ सालचा एप्रिल. मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेत होते, तो उन्हाळा. जायकवाडीत तळ दिसत होता. दादाचा फोन आला. आमचे बोलणे नव्हते तरी आला. बोअर आटले, जनावरे विकायला काढली, थोडे पैसे दे, कापूस आला की पाठवतो. मी काय बोललो ते मला शब्दशः आठवते आणि इथे लिहिणार नाही. हिशेबाचेच बोललो. मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. मीटिंग नव्हती. माझ्या कलमांच्या यादीत हा फोन कधीच नव्हता. रागाने त्याच्यावर आठ वर्षे झाकण धरले होते. राग उठून गेल्यावर खाली तो होता.

लाज कुठे असते, तेही मी पाहिले. डोळ्यांच्या मागे आणि तळहातांत. ती रागासारखी हलत नाही, नुसती असते. उठून नदीकाठी चालावे असे फार वाटले. उठलो नाही. शौर्य नव्हे ते. उशी चांगली होती, पाय दुखत नव्हते, उठायला सबब उरली नव्हती. किती वेळ गेला माहीत नाही. पुतण्याने येऊन “काका, ऊन झालं” म्हटले तेव्हा गाल ओले होते, ते त्याने पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. पोरगा गुणी आहे.

दशमीला दादाचे पान वाढले. त्याच दिवशी दुपारी मी वहिनींना सगळे सांगितले. त्या ताटे पुसत होत्या. थांबल्या नाहीत. “मला ठाव हाय,” म्हणाल्या. “त्या दिशी म्हस इकली आपन. ह्यांनी फोन ठेवला आन म्हनले, त्याला मीटिंग हाय.” एवढेच. दादाने ते खरे मानले होते की माझ्यासाठी तसे सांगितले होते, हे आता कोणाला विचारणार?

मग मी जे केले ते कोणीही केले असते. वहिनींना म्हटले, माझा निम्मा हिस्सा मला नको, तुम्हीच घ्या. मनातून मला वाटले, हे झाले की तळहातांतले ते जाईल. वहिनींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “न्हाई भाऊजी. हिशेब हिशेबासारका. निम्मं तुमचं हाय, तुम्ही घ्या. ह्यांनी सांगून ठेवलंय.” मी पुष्कळ बोललो. पुतण्याला मध्ये घातले. वहिनी हलल्या नाहीत. मला सुटायचे होते आणि त्यांनी काही सुटू दिले नाही. घटस्थापनेनंतर कागद झाला, निम्मे पैसे माझ्या खात्यावर आले, आणि मी उशी घेऊन पुण्याच्या गाडीत बसलो. कंडक्टरने विचारले, “काय हाय ह्याच्यात?” सरकी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि सामानाचे तिकीट फाडले नाही.

ती उशी आता रोजची आहे. कोणाला गुडघ्याची तक्रार असेल तर मी खुशाल शिफारस करतो: बूड चार-पाच बोटे वर घ्या, गुडघे टेकत नसतील तर त्यांच्याखाली पंचा गुंडाळून घाला, तेही जमत नसेल तर खुर्चीत बसा, पाय जमिनीला सपाट टेकवून, पाठ खुर्चीला न टेकता. त्यात कमीपणा नाही. नंतर आत कोण येईल याची हमी मात्र मला देता येत नाही. माझ्याकडे राग अजून येतो, आता थोडा वेळच बसतो. दुसरी पाहुणी मुक्कामालाच आहे.

पुढच्या सप्टेंबरात, २०२५ साली, मराठवाड्यावर पाऊस कोसळला. जायकवाडीचे पाणी सुटले, गोदाकाठची गावे पाण्यात गेली. मी गेवराईला फोन लावला. वहिनी ठीक होत्या, रान नदीपासून दूर होते, पण कपाशी पाण्यात उभी राहून पिवळी पडली होती. पाऊण तास त्या कपाशीबद्दल बोलत होत्या, आणि मी ऐकत होतो. शेवटी म्हणाल्या, “उशी हाय का आजून?”

आहे म्हटले. एका अंगाने जरा खाली गेली आहे.

“दिवाळीला या, भरून देते,” वहिनी म्हणाल्या. “औंदा सरकी काळी पडनार, पन उशीला चालंल.”